सात महिन्यांचा ओझेकी

गेल्या मे महिन्यात आत्या आमच्याकडे आली होती. सकाळी गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेली आणि माझ्या टबांपाशी थबकली. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून बराच वेळ बघत राहिली. मग मला हाक मारून विचारलं, "ह्याच्या पाठीवरचा पर कुणी कापला रे?"

कुणीच कापला नव्हता. टबात रांचू होते. रांचू ही गोल्डफिशची जपानी जात आणि पाठीवर पर नसणं ही तिची मुख्य खूण. डोक्यावर फोडांसारखं उठलेलं मांस, आखूड अंग, दुहेरी शेपूट, आणि मानेपासून शेपटीपर्यंत एकसलग बाक. जपानी लोक त्या पाठीला फणीची उपमा देतात. आपली जुनी लाकडी फणी आठवा. तिच्या दात नसलेल्या कडेला जो गोलवा असतो, तो. मी आत्याला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मुद्दाम असा जन्माला घातला?"

हा प्रश्न मात्र मला झटकता आला नाही.

युरोपात हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला जातो. जर्मनीच्या प्राणीसंरक्षण कायद्यात ११ ब असं एक कलम आहे. ज्या पैदाशीतून जन्मणाऱ्या पृष्ठवंशी प्राण्याला केवळ त्याच्या शरीराच्या घडणीमुळे वेदना किंवा त्रास होणार, ती पैदास करायची नाही, असा त्याचा आशय. मासाही पृष्ठवंशीच. त्यामुळे फुगीर डोळ्यांचे, आभाळाकडे बघणाऱ्या डोळ्यांचे, फुटबॉलसारख्या अंगाचे गोल्डफिश पाळावेत का, यावर तिकडे हमरीतुमरी चालते. एक बाजू म्हणते, ही विकृती आहे, प्रदर्शनं बंद करा. दुसरी म्हणते, ही शतकांची परंपरा आहे, तुम्हाला कळत नाही, गप्प बसा. मी स्वतः आठ वर्षं रांचू पाळतोय, तेव्हा माझा ओढा कुठे असणार ते उघड आहे. तरी दोन्ही बाजूंनी प्रश्न चुकीच्या टोकाने धरलाय असं मला वाटतं. माशाचा आकार नुसता डोळ्यांनी बघून क्रूरता मोजता येत नाही. बक्षीस कशाला मिळतं आणि कोणत्या वयात मिळतं, ते बघावं लागतं. कारण पाळणारा माणूस शेवटी तेच घडवतो जे परीक्षकाला हवं असतं. जपानी रांचूच्या स्पर्धेत 'कशाला' याचं उत्तर बरंच चांगलं आहे. 'कोणत्या वयात' याचं उत्तर मला पटत नाही.

आधी चांगल्याबद्दल. रांचूची स्पर्धा पहिल्यांदा बघणारा माणूस काचेच्या टाक्या शोधतो. त्या नसतात. ओळीने मांडलेली असतात पांढऱ्या एनॅमलची तसराळी, तोंड-हात धुवायची असतात तसली. प्रत्येकात वीतभरसुद्धा पाणी नाही, आणि त्यात एक मासा. लोक कडेने उभे राहून माना वाकवून खाली बघतात. याला उवामी म्हणतात, वरून बघणं. यामागचं कारण साधं आहे: घरोघरी काचेच्या टाक्या येण्याच्या कितीतरी आधीपासून जपानात गोल्डफिश हौदात आणि मातीच्या कुंड्यांत राहत होते, आणि हौदातला मासा वरूनच दिसतो. रांचू, तोसाकिन, जिकिन, इझुमो नानकिन, या सगळ्या जाती वरून बघणाऱ्या डोळ्यांसाठी घडल्या.

आता वरून काय दिसतं? पाठीची रुंदी दिसते. शेपटीच्या बुडाशी अंग किती जाड आहे ते दिसतं. शेपटीचे दोन्ही भाग सारखे आहेत की एक बाजू दुमडली आहे, ते दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मासा पोहतो कसा ते दिसतं. चांगला रांचू पुढे सरकताना शेपटी किंचित मिटतो आणि थांबला की ती पुन्हा उघडतो, छत्रीसारखी. कमरेतून जोर लावून पाणी मागे टाकतो. वाईट रांचू शेपटी ओढत नेतो, ओल्या धोतरासारखी. थांबला की कुणाचं डोकं खाली झुकतं, कुणी एका अंगाला कलतो. तसराळ्यात लपायला जागा नाही, झाड नाही, खडा नाही. ज्याला धड पोहता येत नाही तो दोन मिनिटांत उघडा पडतो, मग डोकं कितीही देखणं असो.

याच्या उलट काचेतून, बाजूने बघायचा बाजार. तिथे गोलमटोल अंग खपतं. उंच पाठ, आखूड कंबर, टपोरं डोकं; दुकानात शिरलेलं पोर बोट दाखवून म्हणतं, "तो जाड्या!" पण अंग जितकं आखूड आणि उंच, तितकी आतल्या हवेच्या पिशवीला जागा कमी. गोल्डफिशमध्ये ही पिशवी दोन कप्प्यांची असते आणि आखूड माशात मागचा कप्पा चेपला जातो, वाकडा होतो. मग मासा खाल्ल्यावर तरंगायला लागतो, पोट वर करून गोल गोल फिरतो. आपल्याकडे ज्याने ज्याने ओरांडा, म्हणजे गोल्डफिशची अशीच एक गोलमटोल जात, पाळला आहे त्याने हे पाहिलेलं असतं आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याला सोललेला मटारही भरवलेला असतो. मीही भरवला आहे. कधी गुण येतो, कधी येत नाही. चेपलेली पिशवी मटाराने सरळ होत नाही.

सांगायचं हे की 'जपानी स्पर्धांनी माशाचं वाटोळं केलं' हा सरसकट आरोप रांचूपुरता तरी खोटा आहे. तसराळ्याने पोहण्याची अट घातली आणि ती अट मोडणारा मासा मागे पडला. दुकानातला तरंगणारा ओरांडा कुठल्याच परीक्षकासमोर गेलेला नसतो. त्याला घडवणारा परीक्षक गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईकाला पोहणं बघायला शिकवलेलं नाही.

निकाल लावायची पद्धतही बघण्यासारखी आहे. ब्रिटन-अमेरिकेत गोल्डफिशला गुण देतात: अंगाला इतके, परांना इतके, रंगाला इतके, बेरीज शंभराची. जपानात रांचूची क्रमवारी लावतात ती सुमोच्या बान्झुकेसारखी, म्हणजे मल्लांच्या मानाच्या यादीसारखी. पहिला मासा पूर्वेचा ओझेकी, दुसरा पश्चिमेचा ओझेकी, त्याखालोखाल थेट सुमोच्या पंचाचं नाव घेतलेला हुद्दा, तातेग्योजी. गंमत म्हणजे यात योकोझुना, म्हणजे आजच्या सुमोतला सर्वोच्च हुद्दा, नाही. जुन्या सुमोत ओझेकी हाच सर्वोच्च हुद्दा होता. योकोझुनाला अधिकृत हुद्द्याचा मान मिळाला तो १९०९ मध्ये. सुमो पुढे गेला, मासे जुन्या यादीतच राहिले.

मला क्रमवारी जास्त पटते. बेरजेच्या पद्धतीत देखण्या डोक्याचे गुण लंगड्या पोहण्याची भरपाई करू शकतात. दोन तसराळी शेजारी ठेवून 'यातला कोणता?' असं विचारलं की अशी उधारी चालत नाही. पण क्रमवारीची खोटही तिथेच आहे. निकाल लागतो, कारण कळत नाही. परीक्षक स्वतः पाळणारे असतात, बऱ्याचदा समोरच्या स्पर्धकाचे गुरू किंवा गुरुबंधू. अशा ठिकाणी लबाडी होतेच असं मी म्हणत नाही. पण पहिल्या पाच माशांमागे एकेक ओळ लिहून लावायला काय हरकत आहे? 'कंबर जाड, थांबताना तोल पक्का, डाव्या शेपटीत किंचित दुमड.' एवढंच. नवशिक्याला त्या एका ओळीत वर्षभराचं शिक्षण मिळेल.

आता वयाकडे येतो.

रांचूच्या स्पर्धेत तीन वर्ग असतात. तोसाई, म्हणजे याच वर्षी जन्मलेला. निसाई, दुसऱ्या वर्षातला. आणि ओया, म्हणजे आई-बाप झालेला, तिसऱ्या वर्षातला किंवा त्याहून मोठा. सबंध जपानची मोठी स्पर्धा ३ नोव्हेंबरला भरते. तो त्यांचा संस्कृती दिन, सुट्टीचा दिवस. वसंतात, एप्रिलच्या सुमाराला, अंड्यातून निघालेला मासा त्या दिवशी जेमतेम सात महिन्यांचा असतो. आणि सगळ्यात जास्त चुरस असते ती तोसाईत.

याचा अर्थ हौदाशी बसल्यावर कळतो. अंडं खसखशीएवढं. सात महिन्यांत त्यातून अंगठ्याहून जाड, डोक्यावर मांस उठलेला, भरल्या कमरेचा मासा उभा करायचा. म्हणजे पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पुन्हापुन्हा खायला घालायचं: आधी आर्टेमिया, मग डॅफ्निया, मग ब्लडवर्म असे बारीक जीव, मग गोळी खाद्य. इतकं खाल्लं की पाणी घाण होतं, म्हणून सतत पाणी बदलायचं. नवं पाणी मिळालं की भूक आणखी वाढते, की पुन्हा खाणं. चाकरी म्हणून हे अफाट काम आहे आणि करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण घोडा पळवण्याआधी त्याला वाढू देतात. इथे वाढणं हीच शर्यत आहे.

मी एका वर्षी ती शर्यत खेळलो. माझ्याकडे कुठलीही स्पर्धा नव्हती, नुसती खुमखुमी होती. इंटरनेटवर तोसाईचे व्हिडिओ बघून डोकं फिरलं. ठाण्यात आमच्या गच्चीवर थंडी नावालाच पडते. जपानात मासे हिवाळाभर हिरव्या पाण्याखाली न खाता पडून राहतात, तसा विसावा इथे नाही. माझे मासे अंडी घालतात तेही डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे पिल्लांच्या वाढीचे महिने थेट उन्हाळ्यात येतात. मी दिवसाला सहा वेळा खायला घातलं, ऑफिसला जाताना शेजारच्या मुलाला चमचा मोजून देऊन गेलो. जूनपर्यंत बारा मासे असे झाले होते की मी रोज फोटो काढायचो. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातले तीन उरले. कुणाला पोटात पाणी झालं, खवले अननसासारखे उभे राहिले. कुणी एका सकाळी तळाशी आडवा पडला तो पडलाच. त्याच खेपेतली आठ पिल्लं मी मागच्या कोपऱ्यातल्या टबात, नापास म्हणून, दुर्लक्ष करून ठेवली होती. दिवसातून एकदा, आठवण झाली तर, खाणं. त्यातली सहा अजून आहेत.

वीस माशांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण ज्यांनी ज्यांनी रांचू वाढवले त्यांना यात नवं काही नाही. पहिल्या वर्षाचा देखणा मासा टिकेलच याची खात्री कुणी देत नाही, आणि तोसाईत पहिला आलेला मासा पुढे ओयातही पहिला येतो असं क्वचितच घडतं. गोल्डफिश म्हणजे अल्पायुषी प्राणी असंही नाही. इंग्लंडमध्ये डोनकास्टरच्या जत्रेत १९५६ साली कुणीतरी जिंकलेला टिश नावाचा एकेरी शेपटीचा साधा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. रांचू तितका जगणार नाही. पण ४३ वर्षं जगण्याची कुवत असलेल्या रक्तातल्या प्राण्याचा सर्वात मोठा मान सातव्या महिन्यात वाटून टाकणं, यात काहीतरी चुकतंय.

तोसाईच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. एकाच वसंतात सगळे एका रेषेवरून सुरुवात करतात, म्हणून पाळणाऱ्याचं कसब त्या वर्गात सगळ्यात स्वच्छ दिसतं. ओयाच्या वर्गात विकत घेतलेला मासाही उभा करता येतो. तोसाईत निदान त्या वर्षाचा घाम दिसतो. म्हणून तो वर्ग बंद करा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं असं: तोसाईतला ओझेकीपणा तात्पुरता ठेवा. मासा तिसऱ्या वर्षी पुन्हा तसराळ्यात आला, पोहत आला, तर तो कायम करा. नाही आला तर यादीत त्याच्या नावापुढे जागा मोकळी राहू द्या. ती मोकळी जागा दरवर्षी छापली जाऊ लागली की लोक चमचा जरा हात आखडून टाकतील.

यावर पहिला आक्षेप येईल की म्हाताऱ्या माशाचं रूप बिघडतं. डोक्यावरचं मांस वाढून डोळ्यांवर येतं, पाठीला खाच पडते, मग त्यात काय बघायचं? मला वाटतं नेमकं तेच बघायचं. ज्या वंशात चौथ्या वर्षी डोळे झाकले जातात, तो वंश पहिल्या वर्षी डोक्याच्या जोरावर जिंकला असेल तर निकाल चुकला होता. तो चुकला हे कळायला चौथं वर्ष बघावं लागतं, आणि आज ते बघायची सक्ती कुणावर नाही.

निवडीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, जरी हौशी लोक पाहुण्यांसमोर तो टाळतात. जपानीत तिला सेम्बेत्सु म्हणतात आणि निवडून बाहेर काढलेल्या माशाला हाने. एक मादी एका वेळी हजारभर, कधी कित्येक हजार अंडी घालते. त्यातून शेवटी काही डझन ठेवायचे. पहिली निवड पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असताना करतात. मी पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घेतो, चहाच्या गाळणीने पंधरा-वीस पिल्लं त्यात सोडतो आणि भिंगातून शेपट्या बघतो. पिल्लू जिऱ्याहून थोडं मोठं. शेपूट उघडली आहे का? दोन्ही पाती सारखी आहेत का? एकेरी शेपूट असेल तर एका बाजूला, पाठीवर पराचा अंकुर दिसला तर एका बाजूला. तासाभराने मान आखडते आणि डावीकडच्या वाडग्यात चारशे जीव असतात.

त्या चारशेंचं काय करायचं? पहिल्या वर्षी मी ते एका मित्राच्या ऑस्कर माशांना खायला दिले. दुसऱ्या वर्षी मला ते जमेना, म्हणून सगळे वाढवायला गेलो. टबात गर्दी झाली, पाणी फिरलं आणि एका रात्रीत चांगले-वाईट सगळे गेले. बरेच लोक अशी पिल्लं तलावात किंवा विहिरीत सोडतात आणि वर त्याला पुण्य म्हणतात. गोल्डफिश तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, इतर माशांची अंडी-पिल्लं खातो. असं पुण्य तलावाला परवडत नाही. आता मी कमी अंडी उबवतो. चिकटलेल्या अंड्यांची जाळी बाहेर काढून थोडीच ठेवतो. जेवढी वाढवता येतील तेवढी. याने माझ्या हाती ओझेकी लागायची शक्यता जवळपास शून्य होते, कारण हा आकड्यांचा खेळ आहे: जितकी जास्त पिल्लं, तितका एखादा परिपूर्ण मासा निघण्याची आशा जास्त. पण इथेही गाठ निकषाशीच पडते. शेपटीच्या सममितीत केसाएवढ्या फरकाने निकाल फिरणार असेल तर लोक हजारोंनी उबवणार आणि हजारोंनी टाकणार. परीक्षकाने तोल आणि जोम यांना झुकतं माप दिलं, केसाएवढ्या फरकाकडे काणाडोळा केला, तर डावीकडचा वाडगा थोडा हलका होईल.

शेपटीचा विषय निघालाच आहे तर, ती दुहेरी का होते हे २०१४ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. कॉर्डिन नावाच्या जनुकाच्या एका प्रतीत वाक्य मध्येच तुटतं आणि शेपटीची घडी दोन भागांत फुटते. झेब्राफिशकडे या जनुकाची एकच प्रत असते, त्याला असा बिघाड फार महागात पडतो. गोल्डफिशच्या पूर्वजाचा सबंध जनुकसंच सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला होता. दुसरी प्रत शाबूत राहते, म्हणून मासा जगतो आणि बराच बरा जगतो. म्हणजे दुहेरी शेपूट हा बिघाड आहे हे खरं, आणि तिच्यासकट मासा सुखाने पोहू शकतो हेही खरं. 'नैसर्गिक नाही, म्हणून क्रूर' म्हणणाऱ्यांनी या दोन वाक्यांमधली फट बघावी.

जिकिनच्या बाबतीत मात्र माझा परंपरावाल्यांशी उघड झगडा आहे. ही नागोयाच्या परिसरातली जात. शेपूट मागून बघितली तर इंग्रजी एक्स अक्षरासारखी फाकलेली. आदर्श रंग असा: अंग पांढरंशुभ्र, आणि ओठ, कल्ल्यांची झाकणं आणि सगळे पर लाल. फार सुंदर दिसतो. पण असा रंग बहुतेक वेळा आपोआप येत नाही. पिल्लू लहान असताना त्याच्या अंगावरचे नको त्या जागेचे खवले बांबूच्या पात्याने खरवडतात किंवा तिथे आम्ल लावतात, मग तिथे पांढरं उरतं. इझुमो नानकिनला यासाठी उमे फळं खारवताना सुटणारा आंबट रस लावायची रीत आहे. यात लपवाछपवी नाही. पाळणाऱ्यांच्या मंडळात सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते कौशल्य मानलं जातं. असेल कौशल्य. पण मग परीक्षक माशाचा रंग तपासतोय की माणसाचा हात? रांचूच्या पाठीवरचा पर कुणी कापलेला नाही, हे मी आत्याला छातीठोक सांगू शकलो. जिकिन टबात असता आणि तिने विचारलं असतं की हा रंग कुणी काढला, तर माझी पंचाईत झाली असती. खवल्यांना हात न लावता वाढलेल्या जिकिनचा वेगळा वर्ग करावा आणि मानाचा हुद्दा त्या वर्गाला द्यावा. अंगावर चार लाल ठिपके भलत्या जागी असले तर असू देत.

परंपरा मोडेल, असं म्हणतात. कुठली परंपरा? आज सबंध जपान ज्याला रांचू म्हणतो तो मासा मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, तोक्योच्या इशिकावा घराण्याच्या हातून घडला. त्याआधीपासून ओसाकात पाळला जाणारा ओसाका रांचू वेगळाच होता: डोक्यावर मांस नाही, अंग गोल, आणि स्पर्धेत अंगावरच्या लाल-पांढऱ्या नक्षीला मोठा भाव. तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला जवळजवळ नाहीसा झाला. आज दिसतो तो संकरातून पुन्हा उभा केलेला. म्हणजे काय सुंदर, हे शंभर वर्षांत एकदा बदललेलं आहेच. तोसाकिनची कथा याहून बिकट. १९४५ चे बॉम्बहल्ले आणि १९४६ चा नानकाई भूकंप यांत जपानच्या कोची प्रांतातले हे मासे जवळपास संपले, मूठभर उरलेल्यांवरून जात परत आणली. आज जिकिन, तोसाकिन आणि इझुमो नानकिन आपापल्या प्रांतांची नैसर्गिक स्मारकं, म्हणजे जपायचा वारसा म्हणून जाहीर झालेल्या जाती आहेत. अनुक्रमे १९५८, १९६९ आणि १९८२ पासून. हौशी पाळणारे नसते तर यातलं काहीही उरलं नसतं, म्हणून 'प्रदर्शनं बंद करा' म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जुळणार नाही. बंदी आली की मासे हौशांच्या हातून जातील आणि उरतील फक्त 'जाड्या' विकणारे.

निकष बदलता येतात याचा दाखला कुत्र्यांच्या जगात आहे. २००८ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने ब्रिटनमधल्या जातिवंत कुत्र्यांची दुखणी चव्हाट्यावर आणली. २००९ च्या सुरुवातीला तिथल्या केनेल क्लबने जातींचे निकष नव्याने तपासले आणि बदलले. २०१२ च्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात आपापल्या जातीत पहिले आलेले पेकिनीज आणि बुलडॉग पशुवैद्यांच्या तपासणीत बाद झाले. खूप आरडाओरडा झाला. बुलडॉगचा श्वास त्याने मोकळा झाला असं नाही. ते काम अजून पुष्कळ बाकी आहे. पण जिंकलेल्या कुत्र्याला दारातून परत पाठवता येतं, हे एकदा सगळ्यांनी पाहिलं.

रांचूच्या तसराळ्याला तर पशुवैद्यही लागणार नाही. तिथे परीक्षकाचे डोळे आधीच पोहण्यावर असतात. फक्त ती तारीख, ३ नोव्हेंबर, तीन वेळा उलटून जाऊ द्यायची.

माझ्या मागच्या कोपऱ्यातल्या टबावर मी ऑइलपेंटने जन्माचं साल लिहून ठेवलं आहे. त्या सहा नापासांपैकी एकाची शेपूट डावीकडे दुमडलेली आहे, कुठल्याही परीक्षकाने त्याला पहिल्या फेरीत काढलं असतं. पाचवं वर्ष चालू आहे. या वेळी आत्या आली तेव्हा तिने तोच टब बघितला, माझे देखणे मासे असलेला पुढचा टब नाही. कुरडयांची घाई होती, पण तेवढ्यात विचारून गेली, "हा काय खातो रे?"